सहावी दाढ

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दातांच्या दवाखान्यात आल्या. पहाटे घर सोडलं होतं, सांगलीत पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. पोराचा गाल सुजलेला, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. तोंड उघडून बघितलं तर खालची दाढ पार पोखरलेली, नुसती कड शिल्लक होती. मी विचारलं, "ताई, इतके दिवस का थांबलात?" त्या म्हणाल्या, "दुधाची हाय न्हवं डॉक्टर? पडंल आन् दुसरी यील, असं वाटलं."

ती दुधाची नव्हती. मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप येते. ही कायमची दाढ. दात पडला नाही म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. खालच्या-वरच्या, डाव्या-उजव्या अशा चार दाढा येतात आणि पुढचं सगळं चावणं त्यांच्यावर चालतं. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात. चहात बुडवलेलं बटर, क्रीमचं बिस्किट त्या खाचांत चिकटून बसतं आणि कीड तिथूनच सुरू होते.

त्या मुलाची दाढ वाचवता आली असती. रूट कॅनाल, मग कॅप. पण त्यासाठी तीन तरी फेऱ्या लागणार होत्या. एका बाजूचं अंतरच शंभर किलोमीटरच्या वर. बाईंनी बाकावर बसून हिशेब केला. एसटीचं तिकीट मायलेकरांना अर्धंच पडतं, पण रोजगार पुरा बुडतो. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "काडूनच टाका डॉक्टर." आणि नऊ वर्षांच्या पोराची जन्मभर पुरणारी दाढ मी काढली. काम दहा मिनिटांचं होतं. ते मला आजही टोचतं.

आपल्याकडे दात कीड लागल्यामुळे जातात, असं आपण म्हणतो. माझ्या अनुभवात निम्मं काम अंतर करतं. दात वाचवायला तीन-चार फेऱ्या लागतात, काढायला एक. मग गरीब माणूस काय निवडणार? त्यातून आरोग्य विम्यात दातांचं साधं काम बहुधा बसतच नाही, म्हणजे पैसे खिशातूनच. देशात डेंटल कॉलेजं तीनशेच्या वर आहेत, आपल्या सांगलीत आहेत, कराडातही आहे. दंतवैद्य कमी नाहीत. ते शहरात एका गल्लीत चार-चार बसलेत आणि वाडीवर एकही नाही.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 पासून आहे. गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांच्या यादीत तोंडाचं आरोग्यही आहे. शाळेत तपासणीला पथकं येतात, दात बघतात, चिठ्ठी देतात. पण चिठ्ठी दप्तरात राहते. चिठ्ठी घेऊन जायचं कुठं? एका ग्रामीण रुग्णालयात मी स्वतः बघितलंय, दाताची खुर्ची नवीकोरी, तिच्यावर प्लॅस्टिक तसंच, आणि ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर नादुरुस्त म्हणून काम महिनोन् महिने बंद. रुग्णालयाचा कारभार बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून अशी दुरुस्ती करता येते. तुमच्या भागातल्या रुग्णालयाच्या समितीत कोण आहे ते जरा विचारून घ्या आणि खुर्ची चालू आहे का, हेही विचारा.

खरं तर प्रत्येक दाताला खुर्ची लागतेच असं नाही. ऐंशीच्या दशकात टांझानियात एक पद्धत निघाली. वीज नाही, ड्रिल नाही. हाताच्या हत्यारानं मऊ झालेली कीड खरवडून काढायची आणि ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट भरायचं. हे सिमेंट दाताला चिकटतं आणि फ्लोराईड सोडत राहतं. मूल शाळेच्या बाकावर आडवं झालं तरी काम होतं, आणि बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही. दुसरं एक औषध आहे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड. त्याचा थेंब लावला की कीड बऱ्याचदा तिथंच थांबते. दाताचा तेवढा भाग काळा पडतो, पण दात राहतो. ही दोन्ही आणि फ्लोराईडची टूथपेस्ट जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. म्हणजे पॅरासिटामॉलच्या पंगतीत. मग ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात का नसावीत?

आणि हे काम करायला हात? न्यूझीलंडनं 1921 मध्ये शाळेतल्या मुलांच्या दातांसाठी खास परिचारिका तयार करायला सुरुवात केली. आपल्याकडे बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाची, मुलं चार वर्षं शिकून एक वर्ष इंटर्नशिप करतात. त्यातले तीन-चार महिने त्यांनी जत, आटपाडी, पाटण, जावळीच्या आरोग्य केंद्रात काढावेत, राहायची सोय आणि सामान सरकारनं द्यावं. एकदा येऊन चिठ्ठ्या वाटणारं शिबिर नको. दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी दंतवैद्य हवा, आठवडी बाजारासारखा. म्हणजे दुसरी फेरी माणसाला परवडेल.

बाजारावरून आठवलं. बाजारात पथारी टाकून तासाभरात दात बसवून देणारे असतात. शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळतात, प्लॅस्टिकचा दात हिरडीवरच चिकटवतात. तो निघत नाही, धुता येत नाही, खाली हिरडी सडते आणि एका दातापायी चार जातात. स्वस्त म्हणून लोक जातात, त्यांना मी दोष देत नाही. पण दवाखाना कुठलाही असो, एक प्रश्न न लाजता विचारा: "हत्यारं ऑटोक्लेव्ह केलीत का?" ऑटोक्लेव्ह म्हणजे कुकरचाच मोठा भाऊ, दाबाखालची वाफ, 121 अंश, निदान 15 मिनिटं. नुसतं उकळून भागत नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावणार नाही.

आयाबायांना एक सांगायचंय. मिश्री. "दाढ ठणकत होती म्हणून लावली, मग सुटंना," हे मी रोज ऐकतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. तिशीच्या पुढच्या माणसांची तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना विचारा.

आणि आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सहा-सात वर्षांच्या लेकराला मांडीवर घ्या, मोबाईलची बॅटरी लावा. समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा. पहिले पाच सोडा, पुढचा एखादा दुधाचा पडला असेल तर ती जागाही मोजा. सहावी जी मोठी दाढ दिसेल, तिच्या खाचेत काळी रेघ आहे का बघा. असली तर ती दुखायची वाट बघू नका. याच आठवड्यात दाखवा, कारण अजून ते एका फेरीचं काम आहे.

नमस्कार.