रात्री बाराला संपणारा डेटा

नमस्कार श्रोतेहो.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात पोरं मेमरी कार्ड भरून घ्यायला जायची. दहा-वीस रुपये दिले की दुकानदार कॉम्प्युटरवरून गाणी, दोन-तीन सिनेमे, एखादं वगनाट्य कार्डात टाकून द्यायचा. ते कायद्यात बसतं का, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. नेटवर व्हिडिओ बघणं परवडतच नव्हतं. एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायचे, आणि वर तो गोल फिरताना बघत बसायचं.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. मार्च २०१७पर्यंत डेटा फुकट मिळाला आणि कार्ड भरायचा धंदा बसला. सवय लागली, मग पैसे सुरू झाले. तेही ‘रोज एवढे जीबी’ या हिशेबाने. खरी मेख इथे आहे. आज उरलेला डेटा उद्याला चालत नाही, रात्री बाराला जातो. पैसे भरलेत तर सोडायचा कशाला? म्हणून जेवणं आटोपली की घरोघरी माणसं अंथरुणात पडून डेटा ‘संपवतात’. काय बघायचं हे ठरलेलं नसतं, बघायचं एवढं ठरलेलं असतं.

कंपन्यांनी हे गिऱ्हाईक बरोबर हेरलं. नेटफ्लिक्सने २०१९मध्ये भारतात फक्त मोबाइलवर चालणारा १९९ रुपयांचा प्लॅन काढला, पुढे तो १४९वर आणला. २०२३चा क्रिकेट विश्वचषक हॉटस्टारने मोबाइलवर फुकट दाखवला. अंतिम सामना एका वेळी ५ कोटी ९० लाख जण बघत होते. फोन आडवा करायचीही गरज नव्हती, उभ्या पडद्यावर सामना दिसत होता. एसटीत एका हाताने दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाचा विचार कुणीतरी केला म्हणायचा!

पण फुकट म्हणजे सामना फुकट, डेटा नव्हे. जुलै २०२४मध्ये दर वाढले, जिओचा रोज दीड जीबीचा २३९चा रिचार्ज २९९ झाला. मुदत २८ दिवसांची, म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. घरात चार फोन असतील तर साडेपंधरा हजार रुपये. केबलवाल्याने वीस रुपये वाढवले तर आपण त्याला दारात उभं करून जाब विचारत होतो. इथे जाब विचारायला दारात कुणी येतच नाही. आणि या साडेपंधरा हजारांत एकाही ॲपची वर्गणी धरलेली नाही.