नेट नाही? आधी डोंगलला विचारा

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत आता घरोघरी फायबर आलंय असं आपण म्हणतो. पण पुनर्विकासासाठी निम्मी रिकामी झालेली चाळ, रस्त्याकडेचं छोटं झेरॉक्सचं दुकान, गणेशोत्सवातलं मंडळाचं वर्गणीचं टेबल, इथे केबल ओढायला कोण येणार? इथल्या कॉम्प्युटरला नेट मिळतं ते डोंगलमधून, म्हणजे सिमकार्ड घालून यूएसबीत खोचायच्या पेनड्राइव्हएवढ्या उपकरणातून. ही जोडणी करून देणं हे माझं रोजचं काम. मला येणारा जवळपास प्रत्येक फोन सुरू होतो तो असा: ‘अहो, नेट गेलंय, सिम खराब असणार.’ सिम क्वचितच खराब असतं. न विचारता, न तपासता लोक नवं सिम, नवं डोंगल घेत सुटतात, आणि तो पैसा वाया जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं. गाडं नेमकं कुठे अडलंय हे डोंगल स्वतः सांगतं.

डोंगल यूएसबीत घातल्यावर पुष्कळदा कॉम्प्युटरवर नवी सीडी दिसते. घाबरू नका. कंपनीने ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवायला लागणारा प्रोग्रॅम, डोंगलमध्येच भरलेला असतो आणि ते आधी सीडी ड्राइव्ह म्हणून पुढे येतं. ड्रायव्हर बसला की रूप बदलून मोडेम होतं, म्हणजे टॉवरशी बोलणारं यंत्र. लिनक्सवर हा बदल घडवायला यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. काही डोंगल मात्र थेट नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात आणि त्यांचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. हुआवेच्या अशा डोंगलांचा पत्ता बहुधा 192.168.8.1 असतो.

डोंगलचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, असं होत असेल तर वीज अपुरी पडतेय. साध्या यूएसबी 2 पोर्टमधून 500 मिलीअँपिअर मिळतात. टॉवर लांब असला की मोडेम जोर लावून बोलतो आणि जास्त वीज ओढतो. एका पोर्टचे अनेक करणाऱ्या एकाच स्वस्त हबवर प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि डोंगल लावलं की ते धापा टाकणारच.

आता विचारायचं कसं? मोडेमची भाषा 1981 सालच्या हेझ कंपनीच्या मोडेमपासून चालत आलीय. प्रत्येक हुकूम ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होतो. पुट्टीसारख्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये मोडेमचा कॉम पोर्ट, म्हणजे त्याच्याशी बोलायची वाट, उघडून नुसतं ‘एटी’ लिहिलं आणि ‘ओके’ आलं, की मोडेम जिवंत आहे. ‘एटी प्लस सीपिन’ आणि प्रश्नचिन्ह लिहिलं की ‘रेडी’ येतं, म्हणजे सिम ठीक. ‘एटी प्लस सीएसक्यू’ला उत्तर येतं 0 ते 31 मधला एखादा आकडा, म्हणजे सिग्नल; आकडा मोठा तितका सिग्नल चांगला. 99 आलं तर मोडेमला सिग्नल मोजताच येत नाहीये.

सिम ठीक असूनही नेटवर्क सापडत नसेल तर डोंगलचं वय बघा. जुनं 3जी डोंगल जिओच्या सिमवर चालणारच नाही, कारण जिओचं 2जी-3जी जाळंच नाही. परदेशातून नातेवाइकांनी आणलेलं डोंगलही अडू शकतं, कारण तिथले बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, वेगळे असू शकतात. आपल्याकडे 4जीला 1800 आणि 2300 मेगाहर्ट्झ हे बँड सर्रास वापरतात. ते डोंगलला कळतात का, हे विकत घेण्याआधी बघावं.

सिग्नलचं मात्र जरा सविस्तर सांगतो. गिरगावातल्या एका वाचनालयात कॉम्प्युटर टेबलाखाली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, आणि डोंगल कॅबिनेटच्या पाठीमागे भिंतीला टेकलेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, “दुपारी कसंबसं चालतं हो, संध्याकाळी अगदी जीव जातो त्याचा.” सेटिंगच्या पानावर सिग्नलचा आकडा होता उणे 112. हे माप मघाच्या 0 ते 31 पेक्षा वेगळं, यात आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. तिथे मी फक्त यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावली आणि डोंगल खिडकीच्या गजाला बांधलं. आकडा आला उणे 98. दिसायला फरक चौदाचाच, पण या मापात दर दहा अंकांना ताकद दहापट होते, म्हणजे सिग्नल जवळजवळ 25 पट वाढला. सगळे घरी येऊन मोबाइल उघडतात तेव्हा टॉवरवर गर्दी होते आणि दुबळा सिग्नल असलेल्याला ती जास्त जाचते, म्हणून संध्याकाळचं ते रडगाणं. वायर जरा चांगल्यातली घ्या. फार लांब आणि बारीक वायरीत वीज गळते.

सिग्नल उत्तम, नेटवर्कचं नावही दिसतंय, तरी पान उघडत नाही? मग एपीएन तपासा. टॉवरपासून इंटरनेटकडे जाणाऱ्या दरवाजाचं ते नाव. जिओचं ‘जिओनेट’, एअरटेलचं ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’. इंग्रजीत, एकही जागा न सोडता लिहायचं. सिम एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेलं की जुनं नाव डोंगलमध्ये तसंच राहतं आणि बिचाऱ्या नव्या सिमला बोल लागतो.

विंडोजमध्ये या जोडणीला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून डेटा मिळणारी, म्हणून खूण करा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच अपडेटमध्ये संपतो. आणि दुकानातला कॅमेरा गावाहून बघायचा असेल, तर मोबाइल नेटवर बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट आत येता येत नाही. कॅमेरा घेतानाच तो क्लाउडवरून, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरमार्फत, चालतो का, हे दुकानदाराला विचारून घ्या.

नमस्कार.