काळ्या मातीतला गादीवाफा

(दृश्य : घरामागची परसबाग, वांग्याच्या बुडाशी साचलेलं पाणी)

दोन दिवसांची झड काल थांबली. आज ऊन पडलंय, तरी वांग्याच्या बुडाशी पाणी तसंच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या या परसात मागच्या पावसाळ्यात सारी मिरची अशीच उबळून सुकली.

हीच माती मे महिन्यात पाहा. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो! काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती बनली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाण्यानं फुगतात, वाळले की आकसतात. पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून गटागटा आत जातं. मग भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच तुंबतं. मुळांना हवा मिळत नाही. पाण्यात उभं असलेलं झाड सुकून जातं.

वाळू मिसळा, असं हमखास सांगितलं जातं. कृपा करून ते करू नका. चार घमेली वाळूनं ही माती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर विटेसारखी घट्ट बसते.

(दृश्य : मुठीतली माती, अगदी जवळून)

या घरच्या मावशी मुठीत माती दाबतात, गोळ्यावर अंगठा टेकवतात. गोळा फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी झाली. नुसता चेपला तर फावडं बाजूला. "ओल्यात खांदलं का ढेकूळ होते बापा, मंग ते फुटता फुटत नाही."

यंदा त्यांनी गादीवाफे केलेत. वीतभर उंच, तीन फूट रुंद, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. वरच्या मातीत चार बोटं कुजलेलं शेणखत मिसळलं, त्यावर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, पसरलं. सोयाबीनच्या वावरात रुंद वरंबा-सरी करतात, त्यातलंच हे तत्त्व : झाड उंचावर, जादा पाणी दोन वाफ्यांमधल्या सरीत. सऱ्या मात्र उताराकडेच काढायच्या, नाहीतर त्यांचंच डबकं होतं.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्याचं दुखणं वेगळं. तिथल्या मातीत सोडियम जास्त. माती तपासून जिप्सम दिलं, तर त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं. पण सुटलेलं सोडियम वाहून न्यायलाही निचरा लागतोच. इतर ठिकाणी जिप्समवर पैसे घालण्याआधी शेणखत घाला.

(दृश्य : पुन्हा पाऊस)

दुपारी पुन्हा सर आली. मावशी डोक्यावर पोतं घेऊन सरीच्या तोंडाशी बसल्यात, अडकलेलं कुटार हातानं काढतायत. गढूळ पाणी क्षणभर थबकतं, मग धुऱ्याकडच्या नालीला लागतं.