गुळव्या मामांचा ताप

नमस्कार श्रोतेहो. बुरशीचा आजार म्हटलं की 2021 चा उन्हाळा आणि काळी बुरशी आठवते. आज मी बोलणार आहे ती बुरशी वेगळी, तिचं नाव ॲस्परजिलस. ओला कडबा, शेणखत, कुजका पाला, ओल धरलेली भिंत, सगळीकडं ती असते. तिचे कण दोन-तीन मायक्रॉनचे. तुम्ही-मी रोज शेकड्यानं श्वासातून आत घेतो आणि आपल्या पेशी ते मारून टाकतात. पण ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्यांच्या फुफ्फुसात ते रुजतात.

करवीर तालुक्यातल्या एका मामांची गोष्ट सांगतो. मामा गुळव्या. काईलीतल्या पाकाची गोळी पाण्यात टाकून, बोटानं दाबून गूळ कधी उतरायचा ते सांगणारे. रानभेंडीच्या रसानं मळी काढायचे, म्हणून त्यांचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, तांबूस असायचा. बाजाराला पिवळाधमक रवा लागतो, त्यापायी पावडरी घालाव्या लागतात. मला तर वाटतं, कोल्हापूरकरांनीच तांबूस गूळ हट्टानं मागितला पाहिजे.

तर मामांच्या किडन्या निकामी झाल्या आणि मामींनी आपली एक दिली. प्रत्यारोपण छान झालं. काही महिन्यांनी ताप आला, तो उतरेना. अँटिबायोटिकचे कोर्स झाले. गावात टीबीची औषधं सुरू करायचं ठरत होतं, तेवढ्यात थुंकीत रक्त दिसलं आणि दोघं माझ्याकडं आले.

विचारलं, ‘मामा, गुऱ्हाळावर जाता काय?’

‘न्हाई ओ डॉक्टर. कामाला हातबी लावत न्हाई.’

मामी म्हणाल्या, ‘हात लावत न्हाईत, खरं खुर्ची टाकून तिथंच बसत्यात दिवसभर. आदण बिघडंल म्हणून जीव ऱ्हात न्हाई ह्यांचा.’

‘कुठं बसतात?’

‘चिपाडाच्या गंजीला लागूनच की.’

अवकाळी पावसात ती गंजी भिजली होती. आतून गरम झालेली, पांढरट-हिरवट बुरा धरलेली. जळव्या तीच चिपाडं उपसून चुलवाणात घालत होता आणि धुरळा मामांच्या अंगावर येत होता. जळव्याला काही झालं नाही. धुरळा तोच, पण नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून मामांची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम दाबलेली होती.

सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली, भोवती धूसर वलय. रक्ताची चाचणी काठावर आली. दुर्बीण घालून फुफ्फुसातलं पाणी काढलं, त्यात मात्र निदान पक्कं झालं. व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं. त्याच दिवशी किडनीची टॅक्रोलिमस गोळी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आणली. बुरशीचं हे औषध टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, आणि ते वाढलं तर मामींनी दिलेली किडनीच दुखावली असती. ताप गेला. औषध पुढं काही महिने चाललं. मामी शेजारी बसून न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देत होत्या, म्हणून आम्हाला ती गंजी कळली. पेशंटबरोबर घरातलं माणूस आत यायलाच हवं; त्याला दाराबाहेर थांबवणं मला पटत नाही.

आता थोडक्यात. प्रत्यारोपण झालेले, रक्ताच्या कॅन्सरची केमो चालू असलेले, बरेच दिवस मोठ्या डोसात स्टेरॉइड घेणारे, यांना हा धोका जास्त. पुन्हा सांगतो: प्रत्यारोपण, केमो, स्टेरॉइड. टीबी बरा होऊन फुफ्फुसात पोकळी राहिली असेल, तर तिथंही बुरशीचा गोळा धरतो, आणि खोकल्यातून रक्त आलं की टीबी उलटला असंच घरच्यांना वाटतं. अँटिबायोटिकनं बुरशी मरत नाही. नीट ऐका, अँटिबायोटिकनं बुरशी मरत नाही. आणि हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा ताट-वाटी वेगळी करू नका.

अशा पेशंटनं गोठा, कडबा, चिपाडं, शेणखत यांपासून लांब राहावं. जावंच लागलं तर एन-95 मास्क लावावा. तोंडाला गुंडाळलेल्या टॉवेलमधून हे कण सहज आत जातात. पुराच्या पाण्यानं ओल धरलेली भिंत घासायची असेल, तेव्हा पेशंटला दुसऱ्या घरी पाठवा. ताप तीन-चार दिवस अंगावर काढू नका, त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या किंवा कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. दाखवायला जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा. नमस्कार.