गेम बॉय आणि मांडवीतून गेलेले पत्ते

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘गेम बॉयचा इतिहास’. गेम बॉय म्हणजे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. सत्कार लांबले, त्यामुळे माझ्या वाट्याला निम्माच वेळ उरलाय. तरी सुरुवात मी पत्त्यांपासूनच करणार. चवथीच्या रात्री आरत्या आटोपल्या की चटई टाकून डाव मांडणाऱ्यांपुढे हे बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं?

सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानला पोचले. गोव्याहून, मांडवी नदीतून निघालेली त्यांची जहाजं मलाक्का, मकाव करत नागासाकी गाठायची. मालाबरोबर खलाशांचे पत्तेही गेले. जपान्यांना त्यांचं असं वेड लागलं की सरकारला बंदी घालावी लागली. बंदी आली की लोक पत्त्यांवरची चित्रं बदलतात, डाव कोण मोडतो? असं होता होता फुलापानांचे ‘हानाफुदा’ पत्ते आले आणि १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी क्योतोत ते बनवायला सुरुवात केली. त्यांची कंपनी म्हणजे निन्टेन्डो, पुढे गेम बॉय काढणारी. आता गेम बॉय जुन्या गोव्यात जन्मला, असं माझं म्हणणं नाही. अगदीच नाही असंही नाही!

१९६५ साली तिथे, पुढे गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई नोकरीला लागले, पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. रिकाम्या वेळात त्यांनी लांब-आखूड होणारा एक हात बनवला. तो मालकांच्या नजरेस पडला. आपल्याकडे मेमो मिळाला असता. मालक म्हणाले, खेळणं म्हणून विकायला काढा.

आमच्या घरी गेम बॉय आला तो मामाच्या बॅगेतून, कुवेतहून. पडदा शेवाळी हिरवा, आत दिवा नाही. बाजूची चकती फिरवायची, खिडकीकडे तिरका धरायचा, तेव्हा कुठे ठोकळे दिसायचे. पावसाळ्यात वीज गेली तरी त्याला फरक पडत नसे. प्रश्न सेलचा! चार पेन्सिल सेल लागत, आणि घरात ते सापडायची हमखास जागा म्हणजे भिंतीवरची घड्याळं. आमची झाली, मग काकांची. आजीची दिवाबत्ती चुकली तेव्हा चौकशी बसली. शिक्षा मला झाली. खेळत होता माझा थोरला भाऊ. तो आज इथे पुढच्याच रांगेत बसलाय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. तर मुद्दा भराभर सांगतो. १९८९ साली गेम बॉय आला, तेव्हा रंगीत पडदा काही अशक्य नव्हता. प्रतिस्पर्धी कंपन्यांची अशीच यंत्रं होती: अटारीचा लिंक्स त्याच वर्षी आला, सेगाचा गेम गिअर पुढच्या वर्षी. दोन्ही रंगीत, आतून उजळलेले. पण सहा सेल खायचे आणि काही तासांत मान टाकायचे. योकोईंनी मुद्दाम जुने, स्वस्त, सगळ्या खोडी माहीत असलेले भाग निवडले. करड्या-हिरव्या चार छटा, पण चार सेलवर दहा तासांहून जास्त खेळ. अमेरिकेत सोबत टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ दिला, तो आजोबाही खेळले. १९९६ला पोकेमॉन हा खेळ आला, १९९८ला गेम बॉयचा रंगीत अवतार. जुना आणि रंगीत गेम बॉय मिळून खप ११ कोटींच्या वर.

योकोईंचं १९९५चं पुढचं खेळयंत्र, व्हर्च्युअल बॉय, मात्र सपशेल आपटलं. पुढच्या वर्षी त्यांनी कंपनी सोडली, १९९७ला अपघातात गेले. त्यांचा हात लागलेला वंडरस्वान, हातात धरायचाच, १९९९ला बाजारात आला, दुसऱ्याच कंपनीकडून. तोही रंगीत नव्हता, आणि चालायचा एका पेन्सिल सेलवर.

प्रश्न चहाच्या वेळी घेतो. भाऊसाहेबांचे सोडून.