गाणं कुठून उचलायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, गिटार चालावी का, ड्रम चालावेत का, हा वाद आमच्या वसईत नाताळच्या तालमी सुरू झाल्या की निघतोच. तुमच्याही घरात निघत असेल. मला विचाराल तर वाद्य नवं की जुनं हा प्रश्न नंतरचा. लोकांना गाता येतंय का, हा पहिला. एक आठवण सांगतो.

मी विशीत होतो. गायनमंडळाला नवा कीबोर्ड मिळाला होता, आणि प्रभूभोजनाच्या, म्हणजे लोक रांगेनं पवित्र भाकर घ्यायला येतात त्या वेळच्या, एका गीताला आम्ही नवी चाल बांधली. काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी ‘सा’ धरून. धृपद तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, जाऊन टेकायचं, आणि पहिला शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नाही, समेनंतर अर्धी मात्रा सोडून यायचा. तीन आठवडे तालीम केली. त्या रविवारी गीत सुरू झालं आणि अख्खं देऊळ, म्हणजे आमचं चर्च, शांत. मला वाटलं, लोक तल्लीन होऊन ऐकताहेत.

मिस्सा संपल्यावर आमच्या आळीतली एक आजी पायरीवर थांबली होती. पहाटेच्या गाडीने दादरला भाजी नेणारी बाई, आवाज खणखणीत. म्हणाली, “बाळा, आज मला गायलाच मिळालं नाही रे. कुठून उचलायचं तेच कळेना. आणि वर एवढं नेलंत, तिथवर कोण येणार?”

रात्रभर ते डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटी घेऊन तिच्या ओट्यावर गेलो. ती पालकाच्या जुड्या बांधत होती. म्हटलं, आजी, तुझ्या सुरात म्हण. हात न थांबवता तिनं गीत सुरू केलं. मी पेटीवर सूर शोधत गेलो, तर तिचा सा सापडला काळी एकवर. आमच्यापेक्षा पाच पट्ट्या खाली! आणि पहिला शब्द तिनं अगदी समेवर टाकला, जुडीला सुतळीचा वेढा देता देता.

पुढच्या रविवारी चाल तीच ठेवली, कीबोर्डही तोच. फक्त काळी एक, आणि पहिला शब्द समेवर. दुसऱ्या ओळीला मागच्या बाकांवरून आवाज यायला लागला.

आता थोडं नियमांविषयी. 1903 साली पोप दहावे पायस यांनी देवळात पियानो आणि ढोलासारखी गोंगाटाची वाद्यं वाजवायला मनाई केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 1963च्या डिसेंबरमध्ये ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला, मानाचं पान दिलं, पाइप ऑर्गनचा गौरव केला, पण उपासनेला शोभतील अशी इतर वाद्यंही मोकळी केली, आणि मिशन प्रदेशांतल्या, म्हणजे ख्रिस्ती धर्म मागाहून पोचला तिथल्या, लोकांचं स्वतःचं संगीत आदरानं घ्यावं असं सांगितलं. साठ वर्षांत केवढा फरक! पण एक गोष्ट दोन्हीकडे आहे: उपासनेत लोकांचा सक्रिय सहभाग. पुन्हा सांगतो, लोकांचा सहभाग.

लोकांचं संगीत घेण्याची ही गोष्ट आपल्याकडे फार आधीच घडली होती. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आलेले धर्मगुरू. 1616 साली त्यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, छापलं गेलं ते ओवीत. ख्रिस्ती उपासनेला ओवी तेव्हा नवीच होती की! पण ती जात्यावर बसणाऱ्या बाईच्या तोंडात आधीपासून होती, म्हणून चालली.

म्हणून मी तरुणांना गिटार ठेवा म्हणतो. ढोलकीही आणा. मात्र सिनेमाच्या चालीवर येशूचे शब्द बसवू नका. चाल लागली की मनात पडदाच उभा राहतो. स्पीकरचा आवाज तर निम्म्यावर आणाच. शेजारच्याचं गाणं ऐकू आलं तरच आपण गातो.

त्या दुसऱ्या रविवारी आजी प्रभूभोजनाच्या रांगेत आली, तेव्हा मी कीबोर्डवरून मान वर करून पाहिलं. गीतपुस्तक मिटून काखेत, हात जोडलेले, आणि तोंडात दुसरं कडवं. फादरांसमोर पोहोचेपर्यंत ती गातच होती. ‘आमेन’ म्हणायला तेवढी थांबली.