नवसागराचा धूर

(दृश्य : अंबाजोगाईतली एक गल्ली, सकाळ. जमिनीत खणलेला खड्डा, त्यात निखारे. हातपंख्याची घरघर.)

पितळी पातेलं निखाऱ्यांवर कलतं धरलंय. थोड्या वेळापूर्वी कल्हईवाल्या चाचांनी ते पायांनी घासलं. आत रेती, रेतीवर ओली चिंधी, चिंधीवर दोन्ही पाय. भिंतीला हात टेकून कंबर अशी डावी-उजवी फिरते की लांबून बघणाऱ्याला वाटावं, नाच चाललाय. एवढं करूनही पितळेवर ऑक्साइडचा पातळ थर उरतोच. तो असला की कथील धरत नाही.

आता चाचांचा हात बघा. डब्यातून चिमूटभर पांढरी पूड निघाली, तापल्या पातेल्यात पडली.

(निवेदन थांबतं. फक्त चरचर. पांढरा धूर पडदाभर.)

हा नवसागर. चाचा त्याला नौसादर म्हणतात. पेपरात त्याचं नाव येतं ते बहुधा हातभट्टीवरच्या छाप्याच्या बातमीत. बिचाऱ्याची ओळख तेवढीच उरलीय. रसायनशास्त्रात तो अमोनियम क्लोराइड. पण खनिजांच्या यादीतही त्याला जागा आहे, आणि निसर्गात तो धरतो ज्वालामुखीच्या धुरांड्यांशी. जमिनीच्या फटींतून तापलेले वायू वर येतात. त्यांतले अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड गार हवेत एकमेकांना भेटले की मधे द्रव न होता थेट स्फटिक होतात. फटीच्या काठावर पांढरे-पिवळसर पापुद्रे जमतात. इटलीत व्हेसुव्हियस आणि एटनावर ते सापडलेत. जमिनीखाली पेटलेल्या कोळशाच्या थरांवरही नवसागर असाच धरतो. मध्य आशियातले लोक तो तिथून खरवडून आणत.

(दृश्य : दौलताबादचा कडा, ड्रोनमधून.)

आता म्हणाल, ज्वालामुखी तर आपल्याकडेही होऊन गेला. खरंय. हा कडा, वेरूळचं कैलास लेणं, रानात नांगराला आडवा येणारा काळा दगड, सगळा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पण नवसागर मिठासारखा पाण्यात विरघळतो. तेव्हा इथल्या फटींवर तो धरलाही असेल, तरी पावसापुढे किती टिकणार? चाचांच्या डब्यातला कारखान्यात बनलेला, दुकानातून किलोवर आणलेला.

(दृश्य : पुन्हा पातेलं, अगदी जवळून.)

तापल्या पितळेवर पडताच नवसागर पुन्हा त्याच दोन वायूंत फुटतो. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडचा थर खातो, खालचा धातू उघडा पडतो. उरलेले वायू वर चढतात, गार होतात आणि परत जुळतात. म्हणजे पडद्यावर दिसतोय तो धूर नाही, नवसागराचेच बारीक कण आहेत. ज्वालामुखीच्या तोंडाशी घडतं ते वीतभर पातेल्यात. हा शॉट आम्ही इतक्या वेळा घेतला की शेवटी चाचा म्हणाले, नौसादर फुकट येतो का?

लगेच कथलाची कांडी. कथील २३२ अंशांवर वितळतं. कांडी टेकवली की थेंब सुटतो आणि कापसाच्या बोळ्यामागे धावत सुटतो. एक फेरा, दुसरा फेरा. पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होतं. आता यात चिंचेची आमटी करा नाहीतर ताक ठेवा, कळकणार नाही.

धूर चाचांच्या छातीत जातो, नाकावर रुमाल तेवढा आहे. स्टील आलं, या गल्लीत एकच भट्टी राहिली.

(दृश्य : पातेलं पाण्यात. चर्रर्र. वाफ.)

आजी पातेलं उजेडाकडे धरतात. आत बोट फिरवतात.

"बुडाला जराशी राह्यली बगा, चाचा."

चाचा पुन्हा डबा उघडतात.